जीर्णोद्धार एका कमॅरोचा

अमेरिकेत ज्याला 'मसल कार' म्हणतात, तिचे शब्दशः भाषांतर करायला जाऊ नये. तालमीतला शब्द घ्यायचा तर ही 'पैलवान गाडी'. मध्यम आकाराची, दोन दारांची, कारकून किंवा शाळामास्तर ऑफिसला घेऊन जाईल अशी साधी मोटार घ्यायची आणि तिच्या बॉनेटखाली तिच्या अंगाला न शोभणारे दांडगे इंजिन बसवायचे, एवढीच मूळ कल्पना. या पंथाचा आरंभ बहुतेक जण १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून मानतात. जनरल मोटर्सचा तेव्हा घरातलाच एक नियम होता, की मध्यम गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालायचे नाही. पॉन्टिअॅकचा मुख्य अभियंता जॉन डिलोरिअन आणि त्याच्या मंडळींनी ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन 'हवे असल्यास जादा पैसे देऊन' या सदरात टाकले आणि नियमाला बगल दिली. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या गेल्या. मग कोणता नियम आणि कसचे काय!

लिटर आणि घनइंच यांनी ज्यांना काही बोध होत नाही त्यांनी आपली मारुती ८०० आठवावी. तिचे इंजिन ७९६ सीसीचे. शेव्हरलेचे गाजलेले '३५०' हे ५७०० सीसीच्या वर जाते. एका बॉनेटखाली सात मारुती!

हे राज्य जेमतेम दहा वर्षे टिकले. तरुण पोरांच्या हाती असल्या गाड्या दिल्यावर व्हायचे ते अपघात झाले, विमा कंपन्यांनी हप्ते वाढवले, १९७० मध्ये हवेच्या प्रदूषणाचा कडक कायदा आला, पेट्रोलमधले शिसे कमी करण्याच्या तयारीसाठी १९७१ पासून जनरल मोटर्सने इंजिनांचे कॉम्प्रेशन उतरवले आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरबांनी तेल रोखले. पैलवान आखाड्यातून उठले. गाड्या कोणाच्या तरी दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे गेल्या, कोठारात पडल्या, ताडपत्रीखाली गंजल्या. त्या वेळचा पोरगा साठीला आला, हातात थोडे पैसे आले, आणि त्याला ती ताडपत्री आठवली. पुष्कळ वेळा आठवण वडिलांची असते आणि गाडी निमित्त. आजोबांची सायकल किंवा वडिलांची लँब्रेटा विकायला न धजणाऱ्या घरांना हे समजावून सांगायला नको.

आता उदाहरणादाखल एकच गाडी घेऊ: १९६९ सालची शेव्हरले कमॅरो. फोर्डने एप्रिल १९६४ मध्ये मस्टँग आणून बाजार मारला, त्याला शेव्हरलेचे उत्तर म्हणून १९६६ च्या शरदात कमॅरो आली. तिचे १९६९ चे रूप सर्वांत लोभस मानले जाते. त्या मॉडेलच्या २,४३,०८५ गाड्या बनल्या. पैकी ३६ हजारांवर गाड्यांत साधे सहा सिलिंडरचे इंजिन होते. उरलेल्या व्ही-८, म्हणजे चार-चार सिलिंडरच्या दोन ओळी इंग्रजी 'व्ही'सारख्या मांडलेल्या. त्यांतही ज्यांच्यासाठी आज लोक जीव टाकतात त्या 'एसएस' ३४,९३२ आणि 'झेड-२८' २०,३०२. म्हणजे चार कमॅरोंतल्या तीन या दोन्हींपैकी काहीच नव्हत्या. आज मात्र रस्त्यावर आणि लिलावात पाहावे तर जी ती एसएस नाही तर झेड-२८. गोकुळात जन्मलेला प्रत्येकच कृष्ण, तसला हा प्रकार.

हे होऊ शकते याचे कारण गाडीच्या नंबरात आहे. काचेमागे डॅशबोर्डवर बसवलेल्या पट्टीवरचे पहिले तीन आकडे १२३ असले तर गाडी सहा सिलिंडरची, १२४ असले तर व्ही-८. पुढे कोणत्या साली आणि कोणत्या कारखान्यात (एन असेल तर ओहायोतले नॉरवूड, एल असेल तर कॅलिफोर्नियातले व्हॅन नाइज) हे कळते. पण व्ही-८ कोणते, एसएस की साधी, याबद्दल ही पट्टी मूग गिळून बसते. ते सांगणारा खरा साक्षीदार म्हणजे खुद्द इंजिनाचा ब्लॉक. उजवीकडच्या हेडच्या पुढे ब्लॉकचा एक छोटा सपाट भाग उघडा राहतो. त्यावर इंजिनाचा प्रकार आणि तारीख ठोकलेली असते. गाडीच्या नंबराचे शेवटचे आकडेही बहुधा तिथेच सापडतात. दोन्ही जुळले की गाडी 'मॅचिंग नंबर्स', म्हणजे कारखान्यातून ज्या इंजिनासह निघाली तेच तिच्यात आहे. या जुळण्यावर किमतीत मोठाच फरक पडतो. साहजिकच, बनावट शिक्के ठोकणारेही आहेत. म्हणून जाणकार भिंग घेऊन आकडे वाचत नाहीत, आकड्यांखालचा पृष्ठभाग वाचतात. कारखान्यातल्या यंत्राने त्या पत्त्यावर ओढलेल्या बारीक समांतर रेघा असतात. त्या पुसलेल्या असल्या तर आकडे कितीही सुबक असोत, संशयाला जागा आहे.

आणि इथेच एक भोळी चूक नेहमी होते. जुने इंजिन खोलले की ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग किंचित तासून सपाट करतात, कामच आहे ते. पण तो शिक्क्याचा पत्ता त्याच पातळीत येतो. मालकाने आधी बजावले नाही, तर मशिनवाला प्रामाणिकपणे, उत्तम काम करण्याच्या भरात, पन्नास वर्षांची जन्मपत्रिका दोन मिनिटांत भुशासारखी उडवून देतो. मग ते इंजिन मूळचेच आहे हे फक्त मालकालाच ठाऊक.

इंजिनाकडे वळण्याआधी पत्र्याबद्दल दोन शब्द, कारण उत्साही माणूस नेमके हेच टाळतो. कमॅरोचा मागचा सारा सांगाडा पत्र्याच्या पेटीसारखा एकसंध आहे आणि पुढे इंजिन पेलणारी स्वतंत्र चौकट बोल्टांनी जोडलेली आहे. गंज धरतो तो चाकांवरच्या कमानीत, डिकीच्या तळाला आणि पुढच्या काचेखाली, जिथे पाला साचतो आणि पाणी मुरते. वरून रंग चकचकीत असतो. तो खरवडला की खाली पुट्टी, पुट्टीखाली आधीचा रंग, त्याखाली आणखी पुट्टी. देवाच्या मूर्तीवरचे शेंदराचे कवच निघावे तसे थर निघत जातात, फरक एवढाच की इथे आत मूर्तीऐवजी कित्येकदा भोक निघते. आज १९६९ च्या कमॅरोचा संपूर्ण नवा सांगाडाही तयार मिळतो. सगळा पत्रा नवा, इंजिन नवे, आसने नवी, आणि जुनी राहिली ती फक्त नंबराची पट्टी, अशा गाडीला १९६९ ची म्हणावे काय? आमचे मत विचाराल तर म्हणू नये. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली काळ्या पाषाणाच्या देवळांना ऑइलपेंट फासलेला पाहिला आहे. हौस आणि भक्ती दोन्ही खऱ्या, पण देऊळ हरवले ते हरवलेच.

आता मुख्य प्रश्न. इंजिन कोणते?

मूळचे असेल तर तेच दुरुस्त करणे हा पहिला मार्ग. सिलिंडर रिबोअर करायचे, एक-दोन सुताचीही नव्हे, इंचाच्या तीस हजारांशाची ही बाब, आणि मोठे पिस्टन घालायचे. काळाने उभ्या केलेल्या अडचणी मात्र ध्यानात घ्याव्या लागतात. त्या काळच्या पेट्रोलमधले शिसे व्हॉल्व्हच्या बैठकींचे रक्षण करीत असे. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते १९९६ पासून संपूर्ण बंद झाले, म्हणून हेडमध्ये कडक पोलादाच्या बैठकी बसवतात. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते जुन्या रबरी नळ्या खाते. (आपल्याकडे इथेनॉल २० टक्क्यांवर गेल्यापासून जुन्या स्कूटरवाल्यांना हे वेगळे सांगायला नको.) आणखी एक फसवी गोष्ट वंगणाची. जुन्या कॅमशाफ्टचे उंचवटे सपाट टॅपेटवर घासत फिरतात. त्यांना तेलातल्या जस्ताच्या संयुगाचे संरक्षण लागते, आणि धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला ते बाधते म्हणून आजच्या तेलांत त्याचे प्रमाण कमी केले आहे. नवा कॅम बसवल्यावर पहिली वीस मिनिटे इंजिन मंद न ठेवता दोन हजार फेऱ्यांच्या आसपास चालवावे लागते. घाईने वा कौतुकाने नुसतेच घुरघुरत ठेवले, तर वर्षभराचे काम त्या वीस मिनिटांत वाया जाते.

मूळ इंजिन कधीच भंगारात गेलेले असेल, आणि बहुतेकांचे गेलेलेच असते, तर हात मोकळे. मग मनात पहिल्यांदा येते ते 'बिग ब्लॉक', म्हणजे एसएसमधले ३९६ किंवा त्याहून थोरले ४२७. याच ४२७ चा संपूर्ण अॅल्युमिनियमचा 'झेडएल-१' हा अवतार १९६९ मध्ये फक्त ६९ कमॅरोंत बसला. इलिनॉयमधल्या ला हार्प या छोट्या गावातल्या फ्रेड गिब नावाच्या विक्रेत्याने एकदम पन्नास गाड्या मागवल्या, आणि किंमत पाहून त्याचे डोळे पांढरे झाले. नुसत्या इंजिनाचेच चार हजार डॉलरहून अधिक, साध्या व्ही-८ गाडीच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त. गाड्या खपेनात, बऱ्याचशा परत पाठवाव्या लागल्या. आज त्याच गाड्यांसाठी लिलावात रांग लागते. पण वापरण्याच्या दृष्टीने बिग ब्लॉक हे नाकावरचे ओझे आहे. ओतीव लोखंडाचे ते धूड लहान व्ही-८ हून पन्नासएक किलोने जड, आणि तो सगळा भार पुढच्या चाकांवर. सरळ रस्त्यावर वाघ, वळणावर म्हैस.

त्यापेक्षा १९५५ पासून चालत आलेल्या 'स्मॉल ब्लॉक' घराण्यातले ३५० शहाणपणाचे. हे घराणे एवढे फोफावले की त्यातले दहा कोटीवे इंजिन २०११ मध्ये बनले, त्यामुळे सुट्या भागांची ददात नाही. झेड-२८ चे ३०२ हेही त्यातलेच. ट्रान्स-अॅम शर्यतीची मर्यादा पाच लिटरची, म्हणून मोठ्या व्यासाच्या सिलिंडरात आखूड चालीचा क्रँक घालून ते बेतले होते. जास्त जोर हवा असणारे याच्या उलट करतात. ३५० च्या ब्लॉकमध्ये ४०० चा लांब चालीचा क्रँक घासून बसवतात आणि ३८३ घनइंच मिळवतात. दोन्ही भाग जुन्या बाजारातले, अक्कल मेकॅनिकची.

जाहिरातीतल्या अश्वशक्तीला मात्र भुलू नये. त्या काळचे आकडे नळकांडे, पंखा, हवा गाळायचे डबडे काढून, नागव्या इंजिनावर मोजलेले असत. शेव्हरलेचे एलटी-१ इंजिन १९७१ मध्ये जुन्या मापाने ३३० आणि नव्या मापाने २७५ भरले. इंजिन तेच, तराजू बदलला.

आणि आता तरुणांचा लाडका मार्ग. १९९७ च्या कॉर्व्हेटपासून जनरल मोटर्सने 'एलएस' जातीची इंजिने आणली. पहिलेच ५.७ लिटरचे, अॅल्युमिनियमचे, ३४५ अश्वशक्ती, तीही नव्या तराजूने. संगणक पेट्रोल मोजून देतो, थंडीत एका हाकेत सुरू होते, कमी पिते. अपघातात मोडलेल्या ट्रकांतून याच जातीची लोखंडी इंजिने बेताच्या पैशांत मिळतात. न घेण्याचे कारणच काय?

कारण साधूची लंगोटी. उंदीर लंगोटी कुरतडतो म्हणून मांजर, मांजराला दूध म्हणून गाय. एलएस बसवायचे तर बुडाचे तेलाचे भांडे चौकटीला अडते, ते बदला. त्याला जास्त दाबाने पेट्रोल लागते, म्हणजे टाकीत नवा पंप. संगणक आला की तारांचे जंजाळ आले. गिअरबॉक्स नवा, त्यामुळे मागे जाणारा शाफ्ट वेगळ्या लांबीचा. एवढा जोर आल्यावर चारी चाकांच्या ड्रम ब्रेकवर कोण विश्वास ठेवील? डिस्क बसवा. मग मागचा अॅक्सल. हिशेब 'स्वस्त इंजिना'वर सुरू होतो आणि गायीवर संपत नाही.

कायद्याची बाजूही देशोदेशी निराळी. धुराच्या बाबतीत एवढा कडक कॅलिफोर्निया, पण १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना तपासणीतून सूट देतो, तेव्हा १९६९ च्या कमॅरोत काय घालायचे ते मालकाची मर्जी. आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांना 'व्हीए' ही वेगळी नंबरमालिका दिली, पण गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्यात मोठे फेरफार नसावेत अशी अट घातली. आपल्या रस्त्यांवरच्या जुन्या अमेरिकन गाड्या बहुतेक या पैलवानांच्या आधीच्या. शिवडीला १९२८ पासून शेव्हरले जुळवल्या जात, पुढे कुर्ल्याला प्रीमियरने डॉज आणि प्लिमथ जुळवल्या. पेट्रोल परवडेना म्हणून त्यांतल्या कित्येकींच्या पोटात डिझेल इंजिने गेली. तेव्हा तो संसार होता, हौस नव्हे. नव्या नियमापुढे मात्र त्याच तडजोडी अडचणीच्या ठरू शकतात.

जीर्णोद्धार अजिबात न करण्याचेही एक उदाहरण आहे. १९६८ च्या 'बुलिट' चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने पळवलेली हिरवी मस्टँग १९७४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाने सहा हजार डॉलरला घेतली. घरातली बाई ती चालवत शाळेत शिकवायला जात असे. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून गाडी परत मागितली, ती त्यांनी दिली नाही. पुढे कित्येक वर्षे ती पडून होती. पुढच्या पिढीने ती चालू होईल एवढेच काम केले. उडालेला रंग, गंज, पोचे सारे तसेच ठेवले. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात ती ३४ लाख डॉलरच्या बोलीला गेली. रंग दिला असता तर इतके आले असते असे वाटत नाही.

कमॅरोही तशीच पडली आहे आणि ब्लॉक मूळचा आहे, तर आम्ही त्याला हात लावायच्या आधी शिक्क्याचा फोटो काढून ठेवू आणि तेच इंजिन बांधून घेऊ, मग ते सहा सिलिंडरचे का असेना. सहा सिलिंडरची प्रामाणिक कमॅरो आज खोट्या एसएसपेक्षा विरळा झाली आहे. रोज चालवायचीच असेल आणि एलएसचा मोह आवरत नसेल, तर तो बसवावा, पण चौकट न कापता, भोके न पाडता, बोल्ट खोलले की सारे पूर्ववत होईल अशा बेताने. मूळ ब्लॉकला तेल चोपडावे, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळावे आणि गॅरेजच्या कोपऱ्यात लाकडी घोडीवर ठेवावे, जमिनीवर नव्हे, खालून ओल येते. गाडी विकायची वेळ आली तर तोही गाडीबरोबरच द्यायचा असतो.