लस पटवावी कीं लादावी?

सुप्रीम कोर्टानें २ मे २०२२ रोजीं असा निर्णय दिला कीं, कोणाही मनुष्यास त्याच्या इच्छेविरुद्ध लस टोंचतां येणार नाहीं. आपल्या देहावरील ज्याच्या त्याच्या हक्कास राज्यघटनेच्या २१ व्या कलमाचें संरक्षण आहे. समाजाच्या आरोग्यासाठीं सरकारास वाजवी निर्बंध घालतां येतील, असेंही त्याच निर्णयांत म्हटलें आहे. वकिलीच्या दृष्टीनें पाहतां हा निर्णय आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. पण कायद्याचा प्रश्न सुटला म्हणून व्यवहाराचा प्रश्न सुटत नाहीं. सक्ती करावयाची नाहीं, तर साथीच्या दिवसांत लोकांनीं दंड पुढें करावा कसा? करोनाच्या काळांत हा प्रश्न जणूं अगदींच नवा म्हणून चर्चिला गेला. वस्तुतः त्याचें उत्तर मुंबई इलाख्यानें सव्वाशें वर्षांपूर्वींच आपल्या अंगावर लिहून ठेविलें आहे.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, रोगी ओळखला. पुढील कांहीं महिन्यांत लाखों लोक मुंबई सोडून गेले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा पास झाला. अवघीं चार कलमें! दुसऱ्या कलमानें सरकारास जरूर वाटेल तो नियम करण्याची मुभा दिली, आणि चौथ्यानें सद्बुद्धीनें केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर दावा चालूं नये अशी तजवीज केली. (हाच कायदा मार्च २०२० मध्यें पुन्हा बाहेर काढण्यांत आला, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच.) पुण्यास रँडसाहेबांच्या कमिटीनें या सत्तेचा उपयोग कसा केला, तें महाराष्ट्रास सांगावयास नको. गोरे शिपाई स्वैंपाकघरांत व देवघरांत शिरले. त्यांच्या भयानें लोक आपले रोगी लपवूं लागले. लोकांचा आक्षेप स्वच्छतेस नव्हता, औषधासही नव्हता. आपल्या उंबरठ्याची कांहीं किंमत उरली नाहीं, हें त्यांचें दुःख होतें. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याचा स्फोट झाला.

हें सर्व घडलें त्या वेळीं लस नव्हती असें मात्र नाहीं. ओडेसा येथें जन्मलेले यहुदी शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन १८९६ च्या ऑक्टोबरांत मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजांतील लहानशा जागेंत कामास लागले. मांसाच्या रसांत ते प्लेगचे जंतु वाढवीत व वर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांच्या खालीं जंतूंचे पुंजके वडाच्या पारंब्यांसारखे लोंबत. हे जंतु उष्णतेनें मारले कीं लस तयार. हिंदु व मुसलमान यांच्या धर्मभावनेस धक्का लागूं नये म्हणून गाईचें व डुकराचें मांस टाळून बकऱ्याचें मांस वापरण्याची सोय त्यांनीं केली. लोकांच्या देवघरांत बुटांसह शिरणारे अधिकारी ज्या काळांत होते, त्याच काळांत हा परका मनुष्य आपल्या काचेच्या कुप्यांतही लोकांचा धर्म सांभाळीत होता, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ही लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली, आणि तीही पुढें इतरांस दिली त्याहून मोठ्या प्रमाणांत. त्यांस ताप आला, दुखलेंही. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला, तेव्हां जे कैदी राजी झाले त्यांस लस देण्यांत आली. न टोंचलेल्यांपैकीं १२ जणांस प्लेग होऊन ६ दगावले. टोंचलेल्यांपैकीं दोघांसच झाला व दोघेही वांचले. तुरुंगांतील राजीखुषीची किंमत वकिलास ठाऊक असते, तें असो.

पण कैद्यांचे आंकडे पाहून कोणता गृहस्थ टोंचून घेणार? तें काम विशीच्या उंबरठ्यावरील एका तरुणानें केलें. खोजा जमातीचे धर्मप्रमुख आगाखान तिसरे यांनीं आपला ‘खुश्रू लॉज’ नांवाचा बंगला हाफकिनसाहेबांस प्रयोगशाळेसाठीं दिला आणि आपल्या लोकांदेखत स्वतःस टोंचून घेतलें. मुंबईंतील खोजांपैकीं निम्म्याच्या आसपास लोकांनीं त्यांचें अनुकरण केलें. एकही शिपाई लागला नाहीं.

त्याच १८९७ सालीं पोर्तुगीजांच्या ताब्यांतील दमण येथें लस गेली. तेथील खालच्या दमणांत २,१९७ लोकांनीं टोंचून घेतलें, त्यांपैकीं ३६ प्लेगच्या दिवसांत मेले. ६,०३३ लोकांनीं घेतलें नाहीं, त्यांपैकीं १,४८२ मेले. म्हणजे एकीकडे शंभरांत दीड-पावणेदोन, दुसरीकडे शंभरांत साडेचोवीस. कोणी म्हणेल कीं, जे स्वतः होऊन येतात ते मुळांतच सावध व सुखवस्तु असतात. शंका रास्त आहे. तिचें निरसन १८९८ च्या फेब्रुवारींत बडोदें संस्थानांतील उंढेरा गांवीं झालें. तेथें एकाच कुटुंबांतील अर्ध्यांस टोंचलें व अर्ध्यांस ठेविलें. टोंचलेल्या ७१ जणांपैकीं ८ आजारी पडून ३ मेले. न टोंचलेल्या ६४ पैकीं २७ आजारी पडून २६ मेले. घर तेंच, चूल तीच. व्यापारी वाचकांनीं हा ताळेबंद स्वतः मांडून पाहावा.

१८९८ सालीं हुबळीनें तर कमाल केली. कापसाची मोठी पेठ, रेल्वेचा कारखाना, आणि दाराशीं प्लेग. अशा त्या गांवांतील बहुतेक सर्व वस्तीनें कांहीं महिन्यांतच लस घेतली. येथें एक गोष्ट मात्र प्रांजळपणें सांगितली पाहिजे. ज्याजवळ टोंचल्याचा दाखला असे, त्यास सेग्रिगेशनच्या जाचांतून सूट मिळे. म्हणजे ही राजीखुषी अगदीं निर्भेळ नव्हती. १८९७ चें कलम उरावर असलें म्हणजे दाखलाही अर्धा हुकूमच होतो. नोव्हेंबर २०२१ मध्यें औरंगाबाद जिल्ह्यांत (आतां छत्रपति संभाजीनगर) लसीची एक तरी मात्रा घेतल्याखेरीज रेशन व पेट्रोल देऊं नये, असा हुकूम निघाला, तोही याच जातीचा. पेट्रोलाचें एक वेळ चालेल. पण गरिबाच्या धान्याशीं सुई बांधणें आम्हांस कधींही पटणार नाहीं. लस चांगली असली म्हणून ती देण्याची प्रत्येक रीत चांगली ठरत नाहीं.

आणि विश्वास एकदां मिळाला म्हणजे तो कायमचा, असेंही नाहीं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं १०७ जणांस लस टोंचली, त्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें मेले. एकोणीसही जणांची लस एकाच बाटलींतील होती. सरकारी चौकशींत हाफकिनसाहेबांच्या प्रयोगशाळेवर ठपका आला व त्यांस कामावरून दूर करण्यांत आलें. बाटली उघडतेवेळीं सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, ही गोष्ट पुढें आली तरी तिचें वजन मानावयास वर्षें लागलीं. १९०७ मध्यें रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत आवाज उठविल्यावर हाफकिन निर्दोष ठरले. मधल्या काळांत पंजाबांत टोंचणीची मोहीम बसली ती बसलीच, आणि प्लेग माणसें नेतच राहिला. चूक कोठें झाली हें सरकारनें लोकांस लगेच व स्पष्ट सांगितलें असतें, तर लोकांचा राग त्या चिमट्यापुरता राहिला असता. सगळ्या लसीवर गेला नसता.

आतां आमच्या व्यापारी वाचकांसाठीं दोन शब्द. २०२१ च्या पावसाळ्यांत आमच्या गांवच्या अडतबाजारांत लशीचें केंद्र उघडलें, डॉक्टर बसले, पण हमाल फिरकेनात. अडाणी लोक, अफवांस भुलले, असें पेढ्यांवर सर्रास बोललें जाई. आम्हीही तसेंच समजत होतों. एका वयस्क हमालास विचारलें तेव्हां तो म्हणाला, “वकीलसाहेब, सुईला कोण भितो? टोंचल्यावर दोन दिवस ताप येतो म्हणतात. त्या दोन दिवसांची मजुरी कोण देणार?” या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. तें उत्तर कांहीं अडत्यांनीं दिलें. त्यांनीं मुकादमास बोलावून सांगितलें कीं, जो टोंचून घेईल त्याचे दोन रोज आमच्या वहींत खर्चीं पडतील. आणि प्रथम स्वतः मालक रांगेंत उभे राहिले. दुसऱ्या सोमवारीं केंद्रावरची लस दुपारींच संपली.