परक्या मुलखात गावे तरी कसे?

वाचकहो, गेल्या वर्षी आमच्या तालुक्यातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून जाण्याचा योग आला. मुलामुलींनी एका इंग्रजी गाण्यावर मोठा झकास नाच केला. ठेका असा, की पुढच्या रांगेतली म्हातारी माणसेही मान डोलवू लागली. कार्यक्रम संपल्यावर गुरुजींना सहज विचारले, “या गाण्याचा अर्थ काय हो?” ते हसून म्हणाले, “सर, चाल छान आहे एवढेच आम्हांला ठाऊक.”

यात गुरुजींचा मुळीच दोष नाही. जगभर कोट्यवधी लोक या गाण्यावर असेच नाचले आहेत. पण गंमत पाहा, हे गाणे आहे रडणाऱ्या माणसांचे. देशोधडीला लागलेल्या, मुलूख हिरावलेल्या माणसांचे. त्याचे नाव ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’, म्हणजे बाबिलोनच्या नद्या. त्या नद्यांच्या काठी कोण रडत बसले होते, आणि त्यांचे रडणे जमैकासारख्या दूरच्या बेटावर कसे पोहोचले, हे आज आपण पाहू.

प्रथम मूळ कथा घेऊ. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम नगर जिंकले, तेथील यहुद्यांचे मंदिर पाडले आणि बऱ्याच लोकांना बंदिवान करून आपल्या देशी नेले. आज ज्याला आपण इराक म्हणतो, तोच तो मुलूख. या बंदिवासाचे दुःख बायबलातील १३७ व्या स्तोत्रात आले आहे. बंदिवान नदीकाठी बसून मायभूमीच्या आठवणीने रडत आहेत. वाद्ये झाडांना टांगून ठेवली आहेत. आणि त्यांना धरून आणणारेच म्हणतात, तुमच्या देशाचे एखादे गाणे म्हणून दाखवा की! बंदिवानांपुढे प्रश्न पडतो, की देवाचे गाणे परक्या भूमीत गावे तरी कसे? ज्याने घर मोडले, त्याच्याच करमणुकीसाठी घरातले पवित्र गाणे म्हणायचे? पुढे इ. स. पूर्वी ५३९ मध्ये इराणच्या सायरस राजाने बाबिलोन घेतले आणि त्यानंतर यहुद्यांना परतीची वाट मोकळी झाली.

ही स्तोत्रे आपल्या मराठीलाही परकी नाहीत, बरे का. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत ती वाचली जातात. आणि आपल्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, शेकडो वर्षे राहिलेल्या बेने इस्रायल समाजाने तर बायबलातील कथांवर मराठीत कीर्तनेही केली.

आता जमैकाकडे वळू. कॅरिबियन समुद्रातले हे बेट १६५५ मध्ये इंग्रजांनी स्पेनकडून घेतले. तेथे उसाचे मळे उभे राहिले. त्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून माणसे धरून, जहाजात कोंबून आणण्यात आली आणि गुरांसारखी विकण्यात आली. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. पण पूर्ण मोकळीक मिळायला १८३८ उजाडले. मग मळेवाल्यांनी मजुरांसाठी आपल्या देशाकडे नजर वळवली. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे ३६,००० भारतीय करारबद्ध मजूर जमैकात नेण्यात आले. त्यांतले बहुतेक उत्तर हिंदुस्थानातले होते.

गुलामांच्या हाती बायबल आले ते मालकांच्याच धर्मातून. पण तेही सगळे नव्हे! १८०७ मध्ये लंडनमध्ये या बेटांवरील गुलामांसाठी बायबलची एक निवडक आवृत्ती छापली गेली. इजिप्तच्या दास्यातून यहुदी सुटले, ती कथा तीतून गाळलेली होती. कां गाळली असेल, हे मी सांगायला नको. पण माणसाच्या हाती पुस्तक आले, की आज ना उद्या तो गाळलेले पानही शोधून काढतो. जमैकाच्या लोकांनी ते शोधले, आणि त्यांना वाटले, ही तर आमचीच कथा!

१९३० मध्ये इथिओपियात रास तफारी नावाचा राजपुरुष हैले सेलासी या नावाने सम्राट झाला. आफ्रिकेत काळ्या माणसाचे स्वतंत्र राज्य, ही बातमी जमैकातल्या गोरगरिबांना देवाचा संकेत वाटली. त्यातून रास्ताफारी पंथ निघाला. या पंथाने जुन्या शब्दांना नवे अर्थ दिले. ‘सियोन’ म्हणजे आफ्रिका, विशेषतः इथिओपिया. ‘बाबिलोन’ म्हणजे गरिबाला दाबून ठेवणारी सारी व्यवस्था. मग तो मळेवाला असो, परके सरकार असो, की दंडुका उगारणारा पोलीस.

६ ऑगस्ट १९६२ रोजी जमैका स्वतंत्र झाले. पण पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, कोरल गार्डन्स येथील हिंसक प्रकारानंतर सरकारने रास्ताफारी लोकांची सरसकट धरपकड केली. त्यांना मारहाण झाली, त्यांच्या जटा कापण्यात आल्या. झेंडा बदलला, पण दंडुका तोच राहिला! या प्रकाराबद्दल जमैकाच्या पंतप्रधानांनी माफी मागितली ती २०१७ मध्ये.

या पार्श्वभूमीवर १९७० मध्ये ‘मेलोडियन्स’ या त्रिकुटाने आपले गाणे ध्वनिमुद्रित केले. ब्रेंट डो आणि ट्रेव्हर मॅक्नॉटन यांनी ते रचले. शब्द जवळजवळ सारे स्तोत्रांतले. मात्र बंदिवान ज्याचे गीत गातात त्या देवाच्या जागी त्यांनी ‘राजा आल्फा’ घातला. रास्ताफारी बोलीत राजा आल्फा म्हणजे हैले सेलासी. एवढ्या एका बदलाने अडीच हजार वर्षांपूर्वीचे रडणे किंग्स्टनच्या गल्लीत येऊन बसले.

सरकारने हे बरोबर ओळखले आणि गाण्यावर बंदी घातली. तेव्हा निर्माते लेस्ली काँग, जे स्वतः चिनी वंशाचे जमैकन होते, त्यांनी बिनतोड सवाल केला, की जे शब्द तुमच्या चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या गाइले जातात, त्यांवर बंदी कशी घालता? बंदी उठली, आणि थोड्याच आठवड्यांत ते गाणे बेटावर सर्वांत लोकप्रिय झाले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. मूळ स्तोत्राचा शेवट शत्रूवरच्या भयंकर सूडाच्या शब्दांनी होतो. गीतकारांनी तो भाग घेतला नाही. त्याऐवजी १९ व्या स्तोत्राच्या शेवटची प्रार्थना घेतली. आमच्या मुखातले शब्द आणि मनातले चिंतन देवा तुला मान्य होवो, असा तिचा भाव आहे. अन्याय विसरायचा नाही, पण सुडाला गाण्यात जागा द्यायची नाही, असा तो निवाडा आहे. मला तर या गाण्याचे मोठेपण येथेच दिसते.

संगीताविषयी दोन शब्द. या संगीतप्रकाराला ‘रेगे’ म्हणतात. आपण जेथे टाळी देतो तेथे रेगेतली गिटार गप्प बसते आणि दोन टाळ्यांच्या मध्ये वाजते. त्यामुळे ठेका जणू मागे रेलून चालतो. २०१८ मध्ये युनेस्कोने रेगेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

स्नेहसंमेलनात वाजले ते गाणे मात्र ‘बोनी एम’ या पश्चिम जर्मनीतल्या गटाचे, १९७८ सालचे. ते इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले. त्या गटातल्या दोघी गायिका जमैकातच जन्मलेल्या होत्या. पण त्यात राजा आल्फा नाही. त्याच्या जागी पुन्हा देव आला आहे. गाणे जगभर गेले, आणि त्यातला जमैकाचा माणूस वाटेत कुठे तरी उतरला.

मग मुलांनी नाचू नये काय? अवश्य नाचावे! मात्र गुरुजींनी नाच बसवण्याआधी दहा मिनिटे काढावीत. नकाशावर इराक, इथिओपिया आणि जमैका दाखवावे. मग मुलांना विचारावे: जो जमैकातच जन्मला, त्याला आपण परक्या मुलखात आहोत असे कां वाटावे? देश स्वतंत्र झाला म्हणजे त्यातला प्रत्येक माणूस स्वतंत्र झाला काय? उत्तरे मुलेच देतील, आणि कदाचित ती आपल्याच गावाबद्दल असतील. तसे झाले, तर ती उत्तरे शांतपणे ऐकून घ्यावीत.