मांजराला शुगर झाली, आता तिचं जगणं मोजायचं कसं?

आजच्या भागाचा हा लेखी अवतार. ज्यांचा डेटा संपलाय, किंवा एसटीच्या खडखडाटात ज्यांना कानात काहीच ऐकू येत नाही, त्यांनी वाचून घ्या.

प्रश्न मंचरकडचा आहे. घरातली मनी १२ वर्षांची, तिला मधुमेह निघालाय, रोज दोन वेळा इन्सुलिन. आजीचं म्हणणं, मुक्या जिवाला टोचून टोचून कशाला छळता, सोडा देवावर. दादाचं म्हणणं, औषध आहे तर द्यायचं. मधल्या मधे प्रश्न विचारणारी अडकलीय: आपण मनीला जगवतोय की तिचे हाल करतोय, हे कळणार कसं?

आपल्या भागात हा प्रश्न तसा नवा नाही, फक्त मांजर मोठं होतं. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे, तुम्हाला माहीत असेलच. वनखातं आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून ते चालवतात. उसात सापडलेली पिल्लं आईकडे परत पोचवायचं काम तिथली माणसं करतात, ते व्हिडिओ आपण सगळेच फॉरवर्ड करतो. पण ज्यांना जंगलात परत सोडता येत नाही असे बिबटेही तिथे आयुष्यभर राहतात. कुणाचा पाय सापळ्यात गेलेला, कुणाला दिसत नाही, कुणी नुसताच म्हातारा झालाय. बिबट्या शिकार करत नाही, हिंडत नाही, पिंजऱ्यात खातो आणि उन्हात पडून राहतो, तर ते जगणं चांगलं की वाईट? तिथल्या माणसांना हे रोज ठरवावं लागतं, आणि बिबट्या काही सांगत नाही. तो काय खातो, कसा उठतो, कुणी जवळ आलं तर काय करतो, यावरूनच ओळखायचं. मनीचंही तेच.

आधी आजार समजून घेऊ. मांजराचा मधुमेह बराचसा माणसाच्या टाइप टू सारखा असतो. इन्सुलिन तयार होतं, पण शरीर त्याला दाद देत नाही, आणि हळूहळू स्वादुपिंडही दमतं. लठ्ठ, वयस्क, नसबंदी झालेले बोके यात जास्त सापडतात. खाजेसाठी वारंवार दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं हेही एक कारण असू शकतं. लक्षणं घरातच दिसतात: पाण्याची वाटी सारखी रिकामी होते, लघवी खूप होते, भूक चांगली असून अंग वाळत जातं. काही मांजरं मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागतात. साखरेनं नसा दुखावल्याचं ते लक्षण आहे. बघणाऱ्याला वाटतं लकवा मारला, आता संपलं. पण साखर ताब्यात आली तर काही महिन्यांत ही चाल बऱ्याच अंशी सुधारू शकते. म्हणून नुसती चाल बघून निर्णय घेऊ नका.

आणखी एक गोष्ट. घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनं वाढते. पिशवीत कोंबून, मोटरसायकलवरून, कुत्र्यांनी भरलेल्या दवाखान्यात नेलेल्या मांजराची साखर ३०० आली तर तेवढ्यावर मधुमेह ठरत नाही. फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ततपासणी असते, ती मागच्या साधारण दोन आठवड्यांची सरासरी सांगते. डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा.

आता सुईचं. आजीला त्रास होतो तो सुईचा, आणि ते साहजिक आहे. पण इन्सुलिनची सुई केसासारखी बारीक असते, आणि मानेच्या मागची किंवा कुशीची सैल कातडी उचलून दिली तर बहुतेक मांजरं खाताखाता वळूनही बघत नाहीत. छळ सुईत नसतो. पकडण्यासाठी घरभर पाठलाग, पलंगाखालून ओढून काढणं, चौघांनी दाबून धरणं, यात असतो. ताटली पुढे ठेवा, ती खायला लागली की टोचा. आठ-दहा दिवसांत सवय झाली नाही आणि तुम्ही दिसलात की ती पळत सुटत असेल, तर ती गोष्ट मात्र मोजायची. त्याकडे येतोच.

त्याआधी सिरिंजबद्दल दोन वाक्यं, कारण इथे जीव जातो. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींचं मिळतं, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट. सिरिंजही वेगवेगळ्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. १०० चं औषध ४० च्या सिरिंजमध्ये रेघ बघून भरलं तर अडीचपट डोस जातो. चार किलोच्या मांजराला तेवढं पुरतं. आणि आजोबांच्या फ्रिजमधलं इन्सुलिन मनीला द्यायचं नाही, कितीही ‘तेच तर आहे’ वाटलं तरी. प्रकार वेगळा, डोस वेगळा.

फ्रिजवरून आठवलं, लाइट गेली की इन्सुलिनचं काय? वापरात असलेलं ग्लार्जिन पेन ३० अंशांच्या आत असेल तर २८ दिवस बाहेर चालतं. आपला मे महिना काही ३० मानत नाही. मातीच्या दोन मडक्यांमध्ये ओली वाळू भरून आतल्या मडक्यात औषध ठेवायची जुनी युक्ती उपयोगी पडते. बर्फात मात्र ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

खाण्याबद्दल जरा थांबून बोलू, कारण आपल्याकडे खरी गाठ इथेच आहे. गावातलं मांजर म्हणजे दूधभात, चपातीचा काला, उरलेला भात. मांजर पक्कं मांसाहारी. भात-चपातीतून येणारी साखर तिच्या यकृताला झटपट सांभाळता येत नाही. निरोगी, उंदीर मारून खाणारी मनी काढते दिवस तसेच, पण मधुमेही मनीसाठी दूधभात म्हणजे रोज मिठाई. उकडलेलं चिकन, अंडं, किंवा कमी पिष्टाचं तयार ओलं खाणं, याकडे वळायला लागतं. नुसत्या चिकनवर कायम ठेवणंही बरोबर नाही. मांजराला टॉरिन लागतं, इतर क्षारही लागतात, त्यामुळे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि घर माळकरी असेल तर? चुलीवर चिकन शिजणार नाही, ते शिजवा म्हणून मी सांगणारही नाही. तयार पाऊच अंगणात फोडता येतं, अशी वाट काढणारी घरं आहेत. खाणं बदललं की इन्सुलिनची गरज एकदम घटू शकते, म्हणून डॉक्टरांना आधी कळवा. काही मांजरांचं, विशेषतः लवकर उपचार सुरू झालेल्यांचं, इन्सुलिन पूर्ण सुटतं. म्हणजे पहिले काही महिने हा निर्णय घ्यायचा काळच नव्हे, जोवर ती तडफडत नाही.

आता मोजायचं कसं. अमेरिकेतल्या पशुवैद्यक ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली एक मोजपट्टी मांडली, जगभर वापरतात. सात गोष्टी: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला १० पैकी गुण, एकूण ७०, आणि ३५ च्या वर असेल तर जगणं ठीक चाललंय असं धरायचं. मला ही पट्टी आवडते, पण बेरीज आवडत नाही. बेरजेत वेदनेचा शून्य स्वच्छतेच्या दहानं झाकला जातो. श्वास लागलेल्या मांजराला बाकी सहा विषयांत पैकीच्या पैकी असले तरी ती नापास आहे. म्हणून बेरीज करा, पण सगळ्यात खालचा आकडा कोणता, तो आधी बघा.

वेदना ओळखायला फोन कामाला येतो. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पद्धत प्रसिद्ध केली. कानांची ठेवण, डोळे किती मिटलेत, तोंडाभोवतीचा ताण, मिशा, आणि मान खांद्याच्या वर की खाली. प्रत्येकाला शून्य ते दोन. दहापैकी चार किंवा जास्त आले तर वेदनाशामकाचा विचार करायचा. तिचं फुकट ॲपही आहे. वेदनाशामक डॉक्टरांकडूनच घ्या. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला मारते, हे पाठच करून ठेवा.

पण या पट्ट्या दुसऱ्या देशात, घराच्या आत राहणाऱ्या मांजरांसाठी तयार झाल्या. आंबेगाव-जुन्नरात ‘हालचाल’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. टाचेवर चालणाऱ्या मनीला भिंतीवर उडी मारता येत नाही, म्हणजे कुत्रं आलं तर ती सुटत नाही. रात्री उसाच्या बांधावरून बिबट्या वस्तीत येतो, तेव्हा तर नाहीच. अशा मांजराला संध्याकाळनंतर घरात घ्यावंच लागतं. आयुष्यभर शिवारात फिरलेली मनी घरात कोंडल्यावर शांतपणे पोत्यावर झोपते, की रात्रभर दाराशी ओरडते? तिच्या ‘आनंद’ या रकान्यातला आकडा यावरच ठरेल.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी मधुमेही मांजरांसाठीच २९ प्रश्नांची एक प्रश्नावली बनवली. २०१० साली ती प्रसिद्ध झाली, २२१ मालकांनी ती भरली होती. त्रास कशाचा जास्त, तर वरचे बरेचसे मुद्दे मालकांचे निघाले. मांजराला कुणाकडे ठेवून बाहेर जाता येत नाही, साखर एकदम उतरेल ही धास्ती, खर्च, पुढे काय होईल ही काळजी. म्हणजे मोजणीत माणूसही येतो. तो आला तर मालक स्वार्थी ठरत नाही.

आपल्याकडे याचं रूप असं: दर १२ तासांनी इन्सुलिन, आणि शेतीची लाइट या आठवड्यात दिवसा, पुढच्या आठवड्यात रात्री. घरातलं एक माणूस पाण्यावर, एक टोमॅटो घेऊन नारायणगावच्या मार्केटला, लेक पुण्यात कॉलेजला. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला सुई कोण देणार? भिंतीवरच्या कॅलेंडरवर नाव लिहा. नाव लिहिता येत नसेल, तर तेही उत्तरच आहे. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, वेळ थोडी मागेपुढे करण्याबद्दल ते सांगू शकतील. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा बहुतेक दिवस गाई-म्हशींत जातो. मांजराचा मधुमेह बघणारे डॉक्टर मिळायला कदाचित पुण्याला जावं लागेल, जुन्नरहून ९०-९५ किलोमीटर. दर आठवड्याला एवढा प्रवास घाबरणाऱ्या मांजरासाठी किती, हेही वजनात धरा. फोनवर सल्ला आणि घरी कानाच्या टोकाचा थेंब घेऊन तपासणी, असं बरेच जण निभावतात. माणसाचं ग्लुकोमीटर मांजराचा आकडा थोडा कमी दाखवतं, हे डॉक्टरांना माहीत असतं, तुम्हीही लक्षात ठेवा.

कॅलेंडर कामाचंच आहे. रोज रात्री एक खूण करा. खाल्लं, अंग चाटलं, आपणहून जवळ आली, तर चांगला दिवस. नुसती भिंतीकडे तोंड करून बसली, तर वाईट. महिन्याभराची पानं बघितली की घरातलं भांडण बरंच शांत होतं, कारण आजी आणि दादा दोघंही आपल्याला आठवतील तेच दिवस सांगत असतात.

एक वाईट दिवस मात्र वेगळा ओळखा. मनी एकदम झोकांड्या खायला लागली, अंग थरथरलं, झटका आला, तर ती मरायला टेकलीय असं समजून हात जोडून बसू नका. साखर उतरली असेल. हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळा, घशात ओतू नका, आणि डॉक्टरांना फोन लावा. असा जीव बऱ्याचदा वाचतो. आणि ती जेवली नसेल तर विचारल्याशिवाय पूर्ण डोस देऊ नका.

उलट, वेळ जवळ आल्याची चिन्हं अशी: डोस नीट बसवूनही वजन उतरतच आहे, मूत्रपिंडही गेलंय, उलट्या आणि न खाणं पुन्हा पुन्हा येतंय, दवाखान्यातून आणलं की चार दिवसांत परत तेच. अंग चाटणं बंद होणं हे मी फार मोठं चिन्ह मानतो. मांजर शेवटपर्यंत स्वतःला नीट ठेवतं.

अशा वेळी ‘देवावर सोडणं’ म्हणजे काय, ते आजीला प्रेमानं पण खरं सांगायला हवं. इन्सुलिन बंद केलं की मधुमेही मांजर झोपेत जात नाही. रक्तात आम्ल साठतं, उलट्या, धाप, कोरड पडलेलं अंग, आणि हे काही दिवस चालतं. इन्सुलिन थांबवायचं ठरलं तर त्याच दिवशी दयामरणाचं ठरवा. कायदा याच्या आड येत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं तिसरं कलम म्हणतं की ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्यानं त्याच्या अनावश्यक वेदना टाळायच्या. माणिकडोहच्या बिबट्याचं प्रकरण वेगळं. वन्यजीव कायदा १९७२, कलम ११ नुसार तो बरं होण्यापलीकडे अपंग किंवा आजारी आहे, असं मुख्य वन्यजीव रक्षकांना कारणांसह लेखी नोंदवावं लागतं. मनीसाठी सही लागत नाही. पण कारणं कागदावर लिहायची ही पद्धत घरी उचलायला काय हरकत आहे?

डॉक्टरांना दोन टप्प्यांत करायला सांगा: आधी गुंगीचं इंजेक्शन, ती पूर्ण झोपली की मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. शक्य असेल तर घरी, तिच्या पोत्यावर. डोळे उघडे राहतात, नंतर एखादा श्वास ओढल्यासारखा होतो. ती जागी झालेली नसते, लहान मुलांना आधीच सांगून ठेवा. आणि पुरताना खड्डा खोल घ्या, कमरेएवढा, वर दगड रचा. ते औषध अंगात बराच काळ राहतं, आणि उकरून खाणाऱ्या कुत्र्याला, कोल्ह्याला, बिबट्यालाही बाधू शकतं. ओढ्यात किंवा उसात टाकू नका.