शरीर आणि मन : एक खोटी वाटणी

ज्यास ताप भरला आहे त्याच्या घरी शेजारीपाजारी विचारपूस करण्यास जातात, औषध सुचवितात, रात्री उशाशी बसतात. परंतु ज्याच्या मनास उदासीनतेने ग्रासले आहे, ज्यास रात्ररात्र झोप नाही व अन्नावर वासना नाही, त्याच्या घरची मंडळी दार लावून घेतात, आणि सोयरिकीस अडचण येईल या भयाने बाहेर शब्द फुटू देत नाहीत. एकाच मनुष्याच्या दोन दुखण्यांना आम्ही असे दोन न्याय का लावावेत?

मन निराळे आणि शरीर निराळे, या मताचे युरोपात अत्यंत स्पष्ट प्रतिपादन करणारा पंडित रेने देकार्त होय. १६४१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने मन हे विचार करणारे पण जागा न व्यापणारे द्रव्य, व शरीर हे जागा व्यापणारे पण विचारशून्य द्रव्य, अशी वाटणी केली. १६४३ साली बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्यास पत्राने विचारले की, जे जागाच व्यापीत नाही ते मन हातापायांस हालविते तरी कसे? देकार्तच्या उत्तरांनी तिचे समाधान झाले नाही. शेवटी त्यालाही लिहावे लागले की, देहमनाचे ऐक्य चिंतनाने नव्हे, तर नित्याच्या जगण्याने व संभाषणानेच कळते. तत्त्वचर्चा हे स्त्रियांचे काम नव्हे असे समजणाऱ्या आमच्या मित्रांनी हा पत्रव्यवहार अवश्य पाहावा.

यावर कोणी स्वदेशाभिमानी गृहस्थ म्हणतील की, हा रोग पाश्चात्त्यांचा. आमच्या पूर्वजांस तो ठाऊक नव्हता. चरकसंहितेत सत्त्व, आत्मा व शरीर हे तिन्ही परस्परांच्या आधाराने उभे असल्याचे सांगितले आहे, आणि सांख्यांनी तर मनाची गणना प्रकृतीतच केली आहे, हे खरे. परंतु पोथीतील ऐक्याने आचरणातील द्वैत मिटले काय? विद्या काही जातींच्या वाट्यास आणि अंगमेहनत इतरांच्या, हाच आमचा शतकानुशतके चाललेला द्वैतवाद होय. हाताने मैला वाहण्याची चाल १९९३ साली व पुन्हा २०१३ साली कायद्याने निषिद्ध झाली, तरी गटारात उतरलेली माणसे आजही गुदमरून मरतात. ज्या समाजास काही माणसे केवळ हात म्हणून हवी असतात, त्याने समग्र जीवनाच्या गोष्टी कोणत्या तोंडाने सांगाव्या? १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षणपरिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली, ती हीच फूट सांधण्यासाठी. तिचे आम्ही काय केले, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या शाळेत जाऊन पाहावे.

आधुनिक वैद्यकाचा निर्णयही वाटणीच्या विरुद्धच आहे. कंठग्रंथीचा रस कमी पडला की मन मंदावते; दीर्घ चिंतेने झोप व भूक हरपते; मधुमेह जडलेल्यांत विषण्णता अधिक आढळते. मात्र ऐक्याच्या नावाने उलट टोकासही जाऊ नये. विचार शुद्ध ठेवा म्हणजे अर्बुद विरघळेल, असे सांगणारा भोंदू, आणि 'मन घट्ट कर' एवढाच उपदेश करणारा वडीलधारा, हे दोघेही रोग्यावरच दोष लादतात. तुटलेल्या हाडास कोणी 'घट्ट हो' म्हणत नाही.

मानसिक रोग्यास शारीरिक रोग्याच्या बरोबरीने वागवावे व विम्याची सोयही त्याच आधारावर मिळावी, असे आमच्या देशातील २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ठरविले. कायद्याने आपले काम केले. पण माजघरात कायद्याचा शिरकाव होत नाही. तेथे सुधारणा आपणांसच केली पाहिजे. अंगारे-धुपारे व मांत्रिक यांत महिने दवडण्यापेक्षा वेळीच वैद्य गाठणे, दुखणे न लपविता नावाने सांगणे, आणि कष्टकऱ्यास बुद्धी व बुद्धिमंतास हात आहेत हे मुलांस लहानपणीच शिकविणे, इतके ज्याच्या त्याच्या हातचे आहे.

वाचकहो, तत्त्वज्ञानाची परीक्षा वादसभेत होत नसते. शेजारच्या बंद दारावर थाप मारून 'आज बरे आहे ना?' असे आपण विचारतो की नाही, यावरच ती होते.