कल दिसला, कौल हुकला

छत्तीसगडच्या मागील विधानसभा निवडणुकीत जनमताचा अंदाज चुकला. ही चूक केवळ वृत्तवाहिन्यांची नव्हती. सत्ताधाऱ्यांना जनतेचे मन कसे कळते, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

३० नोव्हेंबर २०२३ रोजी संध्याकाळी पाच राज्यांच्या मतदानोत्तर चाचण्या प्रसिद्ध झाल्या. राजस्थान आणि मध्य प्रदेशाबाबत त्यांच्यात मतभेद होते. छत्तीसगडबाबत मात्र जवळपास एकमत होते. ९० जागांच्या विधानसभेत काँग्रेस पुढे राहील, असेच बहुतेकांनी सांगितले. एका संस्थेने तर काँग्रेसला ५७ जागा दिल्या आणि आठ जागांचा फरक गृहीत धरला. तीन दिवसांनी मतमोजणी झाली तेव्हा भाजपला ५४ आणि काँग्रेसला ३५ जागा मिळाल्या. रायपूर शहरातील चारही मतदारसंघ भाजपकडे गेले. पाच वर्षांपूर्वी काँग्रेसने सरगुजा विभागातील सर्व १४ जागा जिंकल्या होत्या. या वेळी त्या सर्व भाजपने जिंकल्या.

या निकालाचे स्पष्टीकरण देताना ‘मतदारांनी मन दडवून ठेवले’ असे सर्रास म्हटले गेले. आकडे जरा वेगळी गोष्ट सांगतात. २०१८ मध्ये काँग्रेसला सुमारे ४३ टक्के मते होती. २०२३ मध्ये ती ४२ टक्क्यांच्या थोडी वर राहिली. म्हणजे सत्ता गमावताना या पक्षाने एक टक्काही मते गमावली नाहीत. भाजप मात्र ३३ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर पोहोचला. प्रादेशिक पक्ष, बहुजन समाज पक्ष, अपक्ष आदींचा एकत्रित वाटा २४ टक्क्यांच्या आसपास होता, तो निम्म्यावर आला. एकेक मतदार कुठून कुठे गेला, हे अशा बेरजेवरून ठरवता येत नाही. परंतु एवढे निश्चित की काँग्रेसचा पाठिंबा खचला नव्हता. विखुरलेला विरोध एकवटला होता. सरकारविषयी समाधान विचारणाऱ्याला समाधानच ऐकू आले असते, आणि ते खोटेही नसते.

जनमत म्हणजे मतदाराच्या मनात तयार असलेली, फक्त नोंदवून घ्यायची वस्तू, हा समज अमेरिकेत फार पूर्वी तपासला गेला. राज्यशास्त्रज्ञ फिलिप कॉन्व्हर्स यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले की राजकीय विचारप्रणालीच्या भाषेत सुसंगतपणे बोलणारे मतदार अत्यल्प असतात. त्यांच्या मोजणीत ते जेमतेम साडेतीन टक्के भरले. त्याच माणसांना दोन-दोन वर्षांनी तेच प्रश्न विचारले असता अनेकांची उत्तरे बदलत. उदारमतवादी की पुराणमतवादी, हा प्रश्न अभ्यासकाचा होता. मतदार जगाची विभागणी वेगळ्या रेषांवर करत होता.

छत्तीसगडमध्ये ती रेषा धानाच्या भावावर होती. भाजपने क्विंटलला ३,१०० रुपये आणि एकरी २१ क्विंटल खरेदीचे वचन दिले. काँग्रेसने ३,२०० रुपये आणि २० क्विंटलचे. हिशेब केला तर एकरी ६५,१०० रुपये विरुद्ध ६४,००० रुपये. दोन राष्ट्रीय पक्षांमधील अंतर एकरी ११०० रुपयांचे असेल, तर डावे-उजवे मोजून काय हाती लागणार? भाजपच्या महतारी वंदन योजनेत विवाहित महिलांना वर्षाला १२,००० रुपयांचे आश्वासन होते. काँग्रेसने १५,००० रुपयांचे उत्तर दिले ते १२ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी. तोवर पहिल्या टप्प्यातील २० मतदारसंघांचे मतदान उरकले होते.

तरीही मतदानोत्तर चाचणीला ‘मन बदलले’ ही सबब चालत नाही; तिथे मत देऊन झालेल्या माणसालाच विचारले जाते. मग प्रश्न उरतो तो कोणाला गाठले आणि कोण बोलले याचा. १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या. त्यांपैकी २३ लाख परत आल्या, रूझवेल्ट हरणार असे भाकीत केले गेले, आणि रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. उत्तर देणारे आणि न देणारे यांत फरक असला, तर नमुन्याचा आकार कामी येत नाही. छत्तीसगडची सुमारे ३१ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. गोंडी, हल्बी, कुडुख बोलणाऱ्या वस्त्या दूरवर पसरल्या आहेत. हिंदीतला प्रश्न घेऊन रस्त्याकडेच्या गावात थांबणारा पाहणी करणारा त्यांतील किती जणांपर्यंत पोहोचतो?

मतांचे जागांत रूपांतर हा पुढचा जुगार. २०१३ मध्ये एक टक्क्याहून कमी आघाडीवर भाजपला काँग्रेसपेक्षा दहा जागा जास्त मिळाल्या होत्या. २०२३ मध्ये कांकेरचा निकाल १६ मतांनी लागला. अंबिकापुरात उपमुख्यमंत्री टी. एस. सिंहदेव ९४ मतांनी हरले. अशा ठिकाणी कोणतीही पाहणी विजेता सांगू शकत नाही. तिने तसा आवही आणू नये.

महाराष्ट्राला हे परके नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा देणाऱ्या राज्याने सहा महिन्यांत महायुतीला २३० हून अधिक आमदार दिले. ‘लाडकी बहीण’चा त्यातला वाटा किती, यावर वाद सुरूच आहे, कारण निवडणुकांच्या मधल्या काळातले विश्वासार्ह मोजमाप आपल्याकडे तुटपुंजे आहे.

उपाय अवघड नाहीत. नमुना कसा निवडला, किती जणांनी नकार दिला, कोणत्या भाषेत विचारले, उत्तरांना कोणता भार दिला, हे प्रत्येक अंदाजासोबत सक्तीने जाहीर व्हावे. जागांआधी मतांची टक्केवारी सांगितली जावी. नमुन्याचा पायाच २०११ च्या जनगणनेचा असेल, तर नवी आकडेवारी हाती येईपर्यंत त्यावरची इमारत डळमळीतच राहणार. आणि पाहणी निकालाच्या रात्रीपुरती नसावी. धानखरेदी केंद्रावर, रास्तभाव दुकानात, आश्रमशाळेत लोकांना काय मिळते आणि काय हवे, हे वर्षभर विचारले जावे.

चुकीच्या अंदाजाने वाहिनीची एक संध्याकाळ वाया जाते. सरकारचे नुकसान मोठे असते: आपले काम लोकांना पटले आहे, अशी त्याची खात्री होते. मग ज्या वस्तीपर्यंत पाहणी पोहोचली नाही तिची तक्रार मतपेटीतूनच ऐकू येते, आणि तोवर पाच वर्षे सरलेली असतात.