मुदतपूर्व निवृत्तीचा हिशेब

हिंजवडीच्या कचेरीत दिवस खर्ची घालून, मुलांचा अभ्यास आटोपल्यावर रात्री व्हिडिओ गेममध्ये रमणारा गृहस्थ जेव्हा ४५व्या वर्षी राजीनामा देण्याचा मनसुबा बाळगतो, तेव्हा त्याच्या हिशेबाच्या मुळाशी बहुधा विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागाराने १९९४ साली मांडलेला ठोकताळा असतो: पहिल्या वर्षी संचिताचा सुमारे ४ टक्के भाग काढावा, पुढे महागाईच्या प्रमाणात ती रक्कम वाढवीत जावे, म्हणजे पुंजी ३० वर्षे पुरते. अर्थात वार्षिक खर्चाच्या २५ पट संचय हवा. सालिना ६ लाख खर्च असल्यास दीड कोटी.

परंतु हे गणित अमेरिकेतील बाजाराच्या अनुभवावर बेतलेले असून, ४५व्या वर्षी निवृत्त होणाऱ्यास कदाचित ४० वर्षांची तरतूद करावी लागते; शिवाय कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे पूर्ण निवृत्तिवेतन ५८व्या वर्षापूर्वी मिळत नाही. खेळाचा छंद मात्र या जमाखर्चात, माझ्या मते, उगीच बदनाम आहे. त्याला द्रव्य थोडेच लागते. लागतो तो वेळ, आणि तो बहुधा पत्नीच्या वाट्यातून परस्पर वसूल होतो. घरखर्चाचा खरा आकडाही पुष्कळदा तिलाच ठाऊक असतो.