बिबट्या दिसेल का, दादा?

मे महिना लागला की बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सकाळी सातच्या सुमारास मुलांचे घोळके जमू लागतात. पाठीवर सॅक, डोक्यावर टोपी, हातात पाण्याची बाटली. मागे पालक, आणि खरे सांगायचे तर तेच जास्त उतावीळ. गाइडला विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बिबट्या दिसेल का, दादा? जाणता गाइड हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. तो सगळ्यांना वाटेच्या कडेला उकिडवे बसवतो आणि मातीतल्या छोट्या खळग्या दाखवतो.

या खळग्या म्हणजे अँटलायन नावाच्या कीटकाच्या अळीने लावलेले सापळे. कोरड्या, भुसभुशीत मातीत ही अळी गोल गोल फिरत मागे सरकते, डोक्याने माती बाहेर उडवत जाते आणि इंच-दीड इंच रुंदीचे नरसाळे तयार करते. बाजारात धान्याची रास ओतताना तिचा उतार एका ठरावीक कोनापलीकडे वाढत नाही, वर आणखी दाणे टाकले तर ते घरंगळून खालीच येतात. अळीच्या नरसाळ्याच्या भिंती नेमक्या त्या कोनाच्या काठावर उभ्या असतात. मुंगीचा पाय पडायचा अवकाश, माती ढासळते. मुंगी वर चढू पाहते, तर तळाशी दडलेली अळी खालून मातीचा मारा करते, म्हणजे भिंत आणखी घसरते. शेवटी जबडे मिटतात, भक्ष्याच्या अंगात पाचक रस जातो आणि आतला ऐवज शोषून घेतला जातो. मुलांना मात्र सर्वांत आवडते ते पुढचेच: या अळीच्या पचनमार्गाला मागे वाटच नसते. जे टाकाऊ असेल ते कोषातून पंख फुटून बाहेर पडेपर्यंत पोटातच साठवायचे! यावर जो हशा पिकतो त्यात चौथीतल्या मुलाला घर्षण आणि उताराचा कोन शिकवून झालेला असतो.

पहिला जोराचा पाऊस पडला की उघड्यावरच्या या खळग्या मोडतात. हा धडा म्हणूनच उन्हाळ्याचा.

जंगल पाहायचे तर पावसाळ्यात, हे आपल्याकडे इतके पक्के बसले आहे की उन्हाळी कार्यक्रम भरवणारेसुद्धा जरा ओशाळून ‘सध्या थोडे सुकलेले आहे’ असे म्हणतात. माझे मत उलटे आहे. पावसाळ्यात सगळ्यावर हिरवा पडदा असतो. पानगळीचे जंगल कसे चालते, हे पाहायचे तर पाने नसतानाच जावे.

कांडोळाचेच पाहा. गुलाबीसर पांढऱ्या, गुळगुळीत खोडाचे हे झाड निष्पर्ण उभे असते आणि चांदण्यात असे चमकते की गाइड मंडळी त्याला ‘भुताचे झाड’ म्हणून टाकतात. त्याची कागदासारखी पातळ साल सुटलेली असते तिथे खाली हिरवा थर दिसतो. ते हरितद्रव्य आहे. पाने गळून गेल्यावरही हे झाड खोडाच्या सालीतून थोडेफार अन्न बनवत राहते. डिंकासाठी माणसाने त्याला इतके घाव घातले आहेत की अनेक ठिकाणी ते दुर्मीळ होत चालले आहे. शेजारी ऐन असतो, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल घेऊन. काही ऐनांच्या खोडात उन्हाळ्यातही पाणी साठलेले असते आणि जंगलात वावरणाऱ्यांना ते पूर्वीपासून ठाऊक आहे. गाइडने कोयता काढून ते दाखवू नये, एवढीच अपेक्षा.

खरे कोडे कुसुंब घालतो. पाण्याची सर्वांत ओढ असते त्याच दिवसांत हे झाड नव्या लालभडक पानांनी भरून जाते. पावसाची वाट का पाहत नाही? पाने गाळल्यावर झाडातून होणारे बाष्पोत्सर्जन जवळजवळ थांबते, खोल गेलेली मुळे पाणी ओढत राहतात आणि खोडातली तूट भरून निघते. त्यात दिवस मोठा होत असल्याची खूण मिळाली की पालवी फुटते. उष्ण कटिबंधातल्या जंगलांचा अभ्यास करणाऱ्यांना यात दोन फायदे दिसतात. पाऊस येईल तेव्हा अन्न बनवायला पाने तयार असतात, आणि पावसाबरोबर सुरवंटांची फौज येण्याआधी ती निबर झालेली असतात. लाल रंग हा अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. तो कोवळ्या पानाला कडक उन्हापासून वाचवतो की किडींना नकोसे करतो, यावर अजून वाद चालू आहे. मुलांना असा न सुटलेला प्रश्न जरूर सांगावा. शाळेच्या पुस्तकात तो सहसा भेटत नाही.

कारवीचे वेळापत्रक तर शाळेच्या सुट्ट्यांच्या पलीकडचे. मुंबईच्या डोंगरांवर ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. म्हणजे पुढचा हंगाम २०३२ चा. एकदाच फुलायचे, बी धरायचे आणि मरून जायचे. सगळ्यांनी एकाच वर्षी बी धरले की खाणारे किती खाणार, उरलेले रुजते. फुलोऱ्यानंतरच्या उन्हाळ्यात वाळलेल्या काड्यांवर बोंडे तशीच असतात आणि पावसाचा ओलावा लागला की तडतड फुटतात. उद्यानातल्या आणि आसपासच्या वारली पाड्यांत याच काड्यांचे कूड शेणामातीने लिंपून घराच्या भिंती होत आल्या आहेत. म्हणून पाड्यातलाच मुलगा गाइड असेल तर कारवीच्या भिंतीपर्यंतची गोष्ट त्याच्या तोंडून ऐकावी. पुस्तक वाचून तयार झालेला गाइड फुलापाशीच थांबतो.

आता बिबट्या. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल, तीन बाजूंना शहर, मध्ये १८६० सालचा विहार तलाव आणि १८७९ सालचा तुळशी तलाव. निकित सुर्वे यांनी २०१५ मध्ये स्वयंचलित कॅमेरे लावून इथे अभ्यास केला तेव्हा उद्यान आणि परिसरात ३५ बिबटे मोजले गेले. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरची ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, त्यामुळे छायाचित्रांवरून एकेक प्राणी ओळखता येतो. मात्र हे प्राणी माणसाची वर्दळ टाळून बहुधा रात्री फिरतात, आणि सकाळी सातला पन्नास जणांचा कलकलाट घेऊन येणाऱ्यांसाठी ते थांबत नाहीत. थांबतो तो ठसा. मे महिन्यातली धुळीची पायवाट ठसे घेण्यासाठी उत्तम. चार बोटे, मागे गादी. नखांच्या खुणा उमटल्या असतील तर बहुतेक कुत्रा. नसतील तर मांजरकुळातले कोणीतरी, कारण ही मंडळी चालताना नखे आत ओढून घेतात. या उद्यानाच्या कडेने भटकी कुत्री भरपूर आणि बिबट्याच्या आहारात तीही असतात, त्यामुळे दोन्ही ठसे एकाच वाटेवर सापडणे नवलाचे नाही. मुले मग बिबट्या विसरतात आणि खाली पाहत चालू लागतात.

उन्हाळ्याचा आणखी एक कार्यक्रम मोठ्यांसाठी असतो: वैशाखातल्या बुद्ध पौर्णिमेची रात्र मचाणावर काढायची. येऊरपासून मेळघाट-ताडोबापर्यंत वन विभाग हौशी मंडळींना पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसवतो. पौर्णिमा का, तर टॉर्चशिवाय दिसावे म्हणून. वैशाख का, तर बहुतेक ओढे आटलेले असतात आणि जनावराला ठरावीक पाणवठ्यावर यावेच लागते. पूर्वी याला प्राणीगणना म्हणत. त्यात अडचण अशी की एकच सांबर दोन पाणवठ्यांवर गेले तर दोनदा मोजले जाते, आणि जे त्या रात्री तहानलेले नाही ते मोजलेच जात नाही. वाघांच्या राष्ट्रीय गणनेत २००६ पासून कॅमेरे आणि संख्याशास्त्र आले, आणि मचाणावरच्या रात्रीला ताडोबा-मेळघाटकडे ‘निसर्गानुभव’ म्हणू लागले. नाव बदलले ते बरेच झाले. अत्तर नाही, मोबाइलचा उजेड नाही, पहाटेपर्यंत खाली उतरायचे नाही. एवढे पाळून तासन्‌तास काहीच न येणे हाही अनुभवच आहे, पैसे भरलेल्यांना तो पटतोच असे नाही.

काजव्यांच्या बाबतीत मात्र हौस अंगाशी येऊ लागली आहे. मेच्या अखेरीपासून भंडारदऱ्याच्या परिसरात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात हिरडा, बेहडा, जांभूळ, ऐन ही झाडे लुकलुकू लागतात. ल्युसिफेरिन हे द्रव्य, ल्युसिफरेज हे विकर आणि ऑक्सिजन यांच्या अभिक्रियेतून उष्णता जवळपास न होता हा प्रकाश निघतो. शंभर रेणूंमागे ८८ प्रकाशकण मिळतात असे कित्येक वर्षे मानले जाई. २००८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी नव्याने मोजले तेव्हा आकडा ४१ भरला. तरीही थोडाथोडका नाही. या लुकलुकण्यातून नर-मादी एकमेकांना शोधतात. गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाइलचे फ्लॅश हा निरोप पुसून टाकतात. अंडी आणि अळ्या जमिनीत व पालापाचोळ्यात असतात. चांगला फोटो घ्यायला झाडाखाली शिरणारा माणूस पुढच्या वर्षीचे काजवे तुडवत असतो. माझ्या मते अशा ठिकाणी गाइडशिवाय कोणाला सोडूच नये, आणि गाइडनेही रस्त्यावरूनच दाखवावे.

दोन तासांची फेरी संपल्यावर मुलांच्या हाती टी-शर्ट आणि प्रमाणपत्र देण्याची पद्धत आहे. त्याऐवजी एक कोरा तक्ता द्यायला हवा. ‘सीझनवॉच’ या देशभर चालणाऱ्या लोकविज्ञान प्रकल्पात शाळकरी मुले एक झाड निवडतात आणि आठवड्यातून एकदा लिहितात: कळ्या, फुले, फळे, कोवळी पाने नाहीत, थोडी आहेत की खूप आहेत. मुंबई-पुण्याच्या मुलांसाठी बहावा सोयीचा, तो सोसायटीच्या आवारातही सापडतो. बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस येतो, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सरासरी तारीख ११ जून. म्हणजे हे खरे असेल तर बहाव्याचा पहिला घोस एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात यायला हवा. येतो का? तक्त्यात एक रकाना पहिल्या घोसाच्या तारखेचा आखावा, एक पहिल्या दमदार पावसाचा, आणि एक जादाचा ठेवावा, कारण बहावा कधीकधी भलत्याच महिन्यातही फुलतो.